आभासी संगणन व्यवस्थेतील कार्यक्षमता निदान

आभासी संगणन व्यवस्थेतील कार्यक्षमता निदान म्हणजे एकाच भौतिक संगणकावर अनेक आभासी यंत्रे चालत असताना त्यांपैकी एखादे यंत्र किंवा त्यावरील सेवा मंदावल्यास त्या मंदगतीचे मूळ शोधण्याची पद्धत होय. आभासी यंत्रालाच व्यवहारात व्हर्च्युअल मशीन म्हणतात. पूर्णपणे बंद पडलेली सेवा हा या निदानाचा विषय नाही. सेवा चालू आहे, पण अपेक्षेपेक्षा सावकाश आहे, अशा स्थितीशी त्याचा संबंध येतो. बंद पडलेल्या सेवेचा दोष बहुधा कोठेतरी नोंदलेला असतो. मंदावलेल्या सेवेत मात्र प्रत्येक घटक आपापल्या जागी ठीकच दिसतो.

या निदानातील मुख्य अडचण अशी की आभासी यंत्रातील कार्यप्रणाली आपण संपूर्ण संगणकाची मालक आहोत अशा समजुतीने चालते. तिचा प्रोसेसर मध्येच काढून घेऊन दुसऱ्या यंत्राला दिला जातो, तिची मेमरी परत मागितली जाते, तिची डिस्क दहा शेजाऱ्यांमध्ये वाटलेली असते. पण यांपैकी बरेचसे तिला आतून दिसत नाही. त्यामुळे ‘साधनांचा किती वापर झाला’ या प्रश्नापेक्षा ‘काम कोठे आणि किती वेळ थांबून राहिले’ हा प्रश्न येथे अधिक उपयोगी ठरतो.

पूर्वपीठिका

भौतिक संगणकाला यजमान, त्यावरील आभासी यंत्रात चालणाऱ्या कार्यप्रणालीला अतिथी आणि या दोहोंमध्ये राहून साधनांची वाटणी करणाऱ्या सॉफ्टवेअरला हायपरवायझर असे म्हणतात. ही कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीने १९७२ मध्ये आपल्या मोठ्या संगणकांसाठी व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली होती. १९७४ मध्ये जेराल्ड पोपेक व रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी आभासी यंत्राच्या अटी सूत्रबद्ध केल्या. आभासी यंत्रात चालणारा प्रोग्राम मूळ यंत्रावर चालल्याप्रमाणेच वागला पाहिजे, साधनांवर हायपरवायझरचे पूर्ण नियंत्रण असले पाहिजे आणि बहुतेक आज्ञा थेट प्रोसेसरवरच चालल्या पाहिजेत, असा त्यांचा आशय होता. पहिल्या अटीला त्यांनी एक अपवाद जोडला होता: साधनांची उपलब्धता आणि कामाला लागणारा वेळ यांत फरक पडू शकतो. प्रस्तुत लेखाचा संपूर्ण विषय त्या अपवादात सामावलेला आहे.

वैयक्तिक संगणकांच्या प्रोसेसरवर हे तंत्र आणण्याचे काम व्हीएमवेअर कंपनीने १९९९ मध्ये बाजारात आणलेल्या उत्पादनाने केले. केंब्रिज विद्यापीठातील झेन प्रकल्पाचा शोधनिबंध २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. इंटेलने २००५ मध्ये व एएमडीने २००६ मध्ये प्रोसेसरमध्येच आभासीकरणाची सोय दिली आणि २००७ पासून केव्हीएम हा हायपरवायझर लिनक्सच्या गाभ्याचा भाग झाला.

ठाणे परिसरातील संदर्भ

ठाणे–बेलापूर मार्गालगतचा ऐरोली, रबाळे, महापे हा पट्टा महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या ट्रान्स ठाणे क्रीक औद्योगिक क्षेत्रात येतो. नागरी कारभार नवी मुंबई महानगरपालिकेकडे असला तरी हा पट्टा ठाणे जिल्ह्यात आहे. रसायने व अभियांत्रिकी मालाच्या कारखान्यांसाठी वसवलेल्या या जमिनीवर आज मोठमोठी डेटा सेंटर उभी आहेत. समुद्राखालून येणाऱ्या दूरसंचार केबल मुंबईच्या किनाऱ्यावर उतरतात, हे त्यामागचे एक प्रमुख कारण. मुंबई महानगर परिसरात आज देशातील डेटा सेंटर क्षमतेचा सर्वांत मोठा वाटा आहे.

सार्वजनिक कारभाराच्या दृष्टीने कल्याण-डोंबिवलीचा उल्लेख आवश्यक ठरतो. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेने एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी नागरी सुविधा केंद्र व संगणकीय कारभार सुरू केला. राज्यातील महानगरपालिकांमधील तो आरंभीचा प्रयोग होता आणि पुढे राज्य शासनाने इतर नागरी संस्थांसाठी तो नमुना म्हणून स्वीकारला. त्या काळी कार्यालयांची सर्वसाधारण रीत अशी होती की प्रत्येक महत्त्वाच्या कामासाठी एक स्वतंत्र सर्व्हर त्याच इमारतीतील खोलीत ठेवलेला असे. खिडकीवरचे काम मंदावले तर कारण त्या खोलीतच सापडे. २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने सार्वजनिक क्लाउड धोरण जाहीर केले, तोपर्यंत सरकारी व खासगी अशा दोन्ही क्षेत्रांत स्वतंत्र सर्व्हरची जागा आभासी यंत्रांनी घेण्यास सुरुवात झालीच होती. आता जन्मदाखल्याच्या खिडकीवरील विलंबाचे कारण कित्येक किलोमीटर दूरच्या इमारतीतील, कधीही न पाहिलेल्या शेजारी यंत्रात असू शकते. चुकीच्या निदानाची किंमत मात्र खिडकीसमोर उभ्या असलेल्या माणसालाच मोजावी लागते.

मोजमाप का फसते

अतिथी कार्यप्रणालीतील प्रोसेसर-वापराचा आकडा तिला मिळालेल्या वेळातून काढलेला असतो. हायपरवायझरने आभासी प्रोसेसर काही मिलिसेकंद थांबवून ठेवला, तर त्या काळात अतिथी अक्षरशः काहीच करत नाही. घड्याळ पाहणेही नाही. पुन्हा संधी मिळाल्यावर मधला वेळ कोणाच्या खात्यात टाकायचा, हे ती स्वतःहून ठरवू शकत नाही. काही प्रणालींत तो वेळ त्या क्षणी चालू असलेल्या निरपराध प्रोग्रामच्या नावे लागतो. असा प्रोग्राम ‘फार प्रोसेसर खातो’ म्हणून तपासला जातो आणि त्यात काहीच सापडत नाही. टिकटिक मोजून वेळ राखणाऱ्या जुन्या कार्यप्रणालींचे घड्याळच मागे पडत असे. केव्हीएमसारख्या प्रणालींत अतिथीला वेळ सांगणारे खास आभासी घड्याळ देण्यामागे हेही एक कारण आहे.

दुसरा फसवा आकडा सरासरीचा. रांगेच्या गणितानुसार, कामे यदृच्छया येत असतील तर साधा एकखिडकी नमुना असे सांगतो की प्रतिसादाचा काळ म्हणजे मूळ कामाचा काळ भागिले रिकामा राहिलेला अंश. मूळ काम ५ मिलिसेकंदांचे असेल, तर ५० टक्के वापराला प्रतिसाद १० मिलिसेकंदांत, ८० टक्क्यांना २५ मिलिसेकंदांत आणि ९० टक्क्यांना ५० मिलिसेकंदांत मिळतो. ८० वरून ९० वर गेलेला वापर आलेखात किरकोळ दिसतो, पण वापरकर्त्याचा विलंब दुप्पट झालेला असतो. त्यातही पाच मिनिटांची सरासरी ६० टक्के असताना मधले तीस सेकंद वापर शंभर टक्क्यांवर टेकलेला असू शकतो आणि तक्रार नेमकी त्या तीस सेकंदांची असते.

प्रोसेसरची प्रतीक्षा

लिनक्स अतिथीत हायपरवायझरने अन्यत्र वळवलेला वेळ वेगळा दाखवण्याची सोय आहे. ‘टॉप’ या आज्ञेच्या उत्तरात तो शेवटच्या स्तंभात ‘एसटी’ या अक्षरांनी दिसतो. महाराष्ट्रातील वाचकाला ती अक्षरे वेगळ्याच वाहनाची आठवण देतील, पण येथे त्यांचा अर्थ ‘स्टील’ म्हणजे चोरी असा आहे. आभासी प्रोसेसरकडे काम तयार होते, पण खरा प्रोसेसर मिळाला नाही, असा हा काळ. हा आकडा सातत्याने काही टक्क्यांच्या वर राहत असेल, तर अतिथीच्या आतील प्रोग्राम तपासण्यापूर्वी यजमानाकडे पाहावे. आकडा शून्य आहे म्हणून निर्धास्त मात्र होऊ नये. हायपरवायझरने ही माहिती पुरवली तरच तो भरला जातो, आणि व्हीएमवेअरवरील जुन्या लिनक्स अतिथींत तो नेहमी शून्यच दिसत असे.

व्हीएमवेअरच्या बाजूने याच प्रतीक्षेला ‘रेडी टाइम’ म्हणतात. त्याच्या तात्कालिक आलेखात २० सेकंदांच्या खंडातील प्रतीक्षा मिलिसेकंदांत दिली जाते. १,००० मिलिसेकंद म्हणजे ५ टक्के. येथे एक घोटाळा वारंवार होतो. यंत्राचा एकूण आकडा सर्व आभासी प्रोसेसरांची बेरीज असतो. चार आभासी प्रोसेसर असलेल्या यंत्राचा ४,००० मिलिसेकंदांचा आकडा २० टक्के वाटतो, पण प्रत्येकी तो ५ टक्केच असतो. प्रत्येकी ५ टक्क्यांपर्यंत फारशी चिंता नाही आणि १० टक्क्यांच्या पुढे वापरकर्त्याला जाणवू लागते, असा प्रशासकांचा व्यावहारिक ठोकताळा आहे. तो ठोकताळाच, दूरध्वनी सेवेसारख्या वेळेला संवेदनशील कामाला ५ टक्केही जड जातात.

आभासी प्रोसेसर वाढवल्याने यंत्र मंद होणे ही या विषयातील सर्वांत महागडी आणि नवख्याला सर्वांत अनपेक्षित वाटणारी गोष्ट आहे. बहुप्रोसेसर कार्यप्रणाली असे गृहीत धरते की तिचे सर्व प्रोसेसर साधारण एकाच वेगाने पुढे जात आहेत. एका प्रोसेसरने कुलूप धरले आणि तोच हायपरवायझरने थांबवला, तर उरलेले प्रोसेसर कुलूप सुटण्याची वाट पाहत निष्फळ फेऱ्या मारत राहतात. हे टाळण्यासाठी व्हीएमवेअरच्या आरंभीच्या आवृत्त्यांत सर्व आभासी प्रोसेसर एकदमच चालवण्याचा दंडक होता. सकाळच्या डोंबिवली लोकलमध्ये एकट्याला उभे राहण्यापुरती जागा मिळते, पण आठ जणांच्या कुटुंबाला एकाच डब्यात एकत्र चढायचे असेल तर दोन-तीन गाड्या सोडाव्या लागतात, तसाच हा प्रकार. नंतरच्या आवृत्त्यांनी हा दंडक सैल केला. तरीही फार पुढे गेलेल्या प्रोसेसरला मागच्यांसाठी थांबवून ठेवले जातेच. त्या वेळेला ‘को-स्टॉप’ म्हणतात आणि तो वाढलेला दिसल्यास योग्य उपाय बहुधा आभासी प्रोसेसर कमी करणे हाच असतो. चाराची गरज असलेल्या यंत्राला सोळा देणे हे औदार्य नसून शेजाऱ्यांवरचा आणि त्या यंत्रावरचाही भार आहे.

मोठ्या सर्व्हरमध्ये दोन किंवा अधिक प्रोसेसर संच असतात आणि प्रत्येक संचाला त्याची जवळची मेमरी जोडलेली असते. दुसऱ्या संचाची मेमरी वाचता येते, पण तिला अधिक वेळ लागतो. प्रत्येकी बारा गाभ्यांचे दोन संच असलेल्या यजमानावर सोळा आभासी प्रोसेसरांचे यंत्र दोन्ही संचांत पसरते. तेच यंत्र बारामध्ये बसवले तर कधी कधी अधिक वेगाने चालते. हा परिणाम कोणत्याही वापर-टक्केवारीत दिसत नाही.

प्रोसेसरचा वेगही स्थिर नसतो. वीज वाचवण्याच्या मांडणीत हायपरवायझरला भार कमी वाटला तर तो प्रोसेसरची गती उतरवतो. तापमान मर्यादेबाहेर गेल्यास प्रोसेसर स्वतःच मंदावतो. कोकणपट्टीच्या दमट उन्हाळ्यात लहान कार्यालयाच्या सर्व्हर खोलीतील वातानुकूलन यंत्र बिघडले, तर ‘दुपारी बारानंतर सर्व काही मंद’ अशा तक्रारीचे मूळ सॉफ्टवेअरमध्ये शोधणे व्यर्थ ठरते.

मेमरीची परतफेड

सर्व अतिथी आपली पूर्ण मेमरी एकाच वेळी वापरत नाहीत, या भरवशावर यजमान आपल्याकडे आहे त्यापेक्षा अधिक मेमरीचे वाटप करू शकतो. २५६ जीबीच्या यजमानावर ३२० जीबींचे वाटप हे त्याचे साधे उदाहरण. भरवसा खोटा ठरला की काही मेमरी परत घ्यावी लागते. पण कोणते पान निरुपयोगी आहे, हे हायपरवायझरला बाहेरून कळत नाही. कार्ल वॉल्डस्पर्जर यांनी २००२ च्या शोधनिबंधात मांडलेली ‘बलून’ पद्धत या कोंडीवरचे उत्तर आहे. अतिथीच्या आत एक छोटा ड्रायव्हर ठेवला जातो. हायपरवायझरच्या सांगण्यावरून तो अतिथीकडे मेमरी मागत फुगत जातो. अतिथी स्वतःच्या समजुतीनुसार कमी महत्त्वाची पाने मोकळी करते आणि फुग्यात अडकलेली मेमरी यजमान दुसऱ्याला देतो.

निदानाच्या दृष्टीने फुगलेला बलून ही पूर्वसूचना असते. खरा धोका त्यापुढचा. बलूनने भागले नाही, किंवा अतिथीत तो ड्रायव्हरच नसला, तर हायपरवायझर अंदाजाने पाने उचलून डिस्कवर टाकतो. ही पाने नेमकी डेटाबेसच्या गाभ्यातील असू शकतात. अतिथीच्या आतील आकडे तेव्हा भरपूर मोकळी मेमरी दाखवत असतात, तर प्रत्यक्षात तिचे एक-एक पान डिस्कवरून परत येत असते. मेमरी वाचण्यास लागणारा काळ नॅनोसेकंदांत मोजतात, तर फिरत्या डिस्कचा मिलिसेकंदांत. म्हणून यजमानाचे ‘स्वॅप’ शून्याहून अधिक असणे ही थेट कृती करण्याजोगी खूण मानली जाते.

आभासी पत्त्यांचे भाषांतर हा आणखी एक न दिसणारा खर्च आहे. चार पायऱ्यांच्या पान-कोष्टकात साध्या संगणकाला एका भाषांतरासाठी कमाल ४ वेळा मेमरी वाचावी लागते. अतिथी व यजमान अशी दोन कोष्टके एकमेकांत गुंतल्यावर हा आकडा २४ पर्यंत जातो. मोठ्या आकाराची पाने वापरल्यास तो बराच खाली येतो, विशेषतः मोठ्या डेटाबेसच्या बाबतीत.

डिस्क व साठवण

प्रत्यक्ष तक्रारींमध्ये साठवणुकीचा वाटा मोठा असतो, कारण प्रोसेसर व मेमरी यांची वाटणी एका यजमानापुरती असली तरी साठवण पेटी अनेक यजमानांत सामाईक असते. एकेका यंत्राने डिस्कवर ओळीने केलेले वाचन चांगल्या वेगाने होते. तीस यंत्रांची तीस ओळीने चाललेली वाचने एकत्र आली की पेटीच्या दृष्टीने ती विस्कळीत होतात. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला अर्ध्या फेऱ्यासाठीच सुमारे ४.१७ मिलिसेकंद लागतात. त्यात वाचनमुख हलवण्याचा वेळ मिळवला की एक डिस्क सेकंदाला शंभराच्या आत-बाहेर विस्कळीत वाचनेच करू शकते. चिप-आधारित एसएसडीने ही अडचण पुष्कळ हलकी केली, पण मिटवली नाही.

येथे रांगेची लांबी कळीची ठरते. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमानुसार रांगेतील सरासरी कामे म्हणजे कामे येण्याचा दर गुणिले प्रत्येकाचा काळ. हायपरवायझर एका वेळी ३२ विनंत्याच पुढे पाठवत असेल आणि प्रत्येकीला ८ मिलिसेकंद लागत असतील, तर सेकंदाला ४,००० हून अधिक विनंत्या पूर्ण होणे शक्य नाही, पेटी कितीही मोठी असो. व्हीएमवेअरचे ‘ईएसएक्सटॉप’ हे साधन विलंबाचे दोन भाग दाखवते. एक पेटी व तिच्याकडे जाणारा मार्ग यांत गेलेला, दुसरा हायपरवायझरच्या रांगेत गेलेला. पहिला मोठा असेल तर दोष पेटीकडे किंवा जोडणीत, दुसरा मोठा असेल तर रांग अपुरी किंवा यजमानावर गर्दी. दोष कोणाच्या दारात आहे याचा निवाडा या एका भेदाने होतो. साठवण व सर्व्हर सांभाळणारे दोन वेगळे चमू असतील, तर हा निवाडा विशेष मोलाचा.

विसरलेली स्नॅपशॉट हा एक सर्वत्र आढळणारा दोष आहे. बदल करण्यापूर्वी यंत्राची स्थिती गोठवून ठेवली जाते आणि त्यानंतरचे लेखन वेगळ्या फाइलमध्ये जाते. काम झाल्यावर ती स्थिती विलीन करायची असते, पण ती तशीच राहते. फाइल फुगत जाते, स्नॅपशॉटवर स्नॅपशॉट चढतात आणि एक वाचन करण्यासाठी साखळीतील अनेक फाइल पाहाव्या लागतात. यंत्र रोज किंचित मंद होत जाते. एका दिवसात काहीच बिघडलेले नसल्याने ‘काल काय बदलले’ या प्रश्नाला उत्तर मिळत नाही.

याउलट एकदम उसळणारा भार वीज परत आल्यावर दिसतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा–पडघा पारेषण वाहिन्यांतील बिघाडानंतर मुंबई, ठाणे व नवी मुंबईचा वीजपुरवठा खंडित झाला होता. मोठ्या डेटा सेंटरांकडे जनित्रे असतात. केवळ बॅटरीवर विसंबणाऱ्या लहान सर्व्हर खोल्यांत मात्र अशा प्रसंगी सर्व आभासी यंत्रे बंद पडून नंतर एकदम सुरू होतात. प्रत्येक यंत्र सुरू होताना डिस्क भरपूर वाचते, त्यामुळे पहिला अर्धा तास कोणतेच धड चालत नाही. त्यावर उपाय निदानाचा नसून नियोजनाचा आहे: यंत्रांचा सुरू होण्याचा क्रम व त्यांतील अंतर आधी ठरवून ठेवणे.

नेटवर्क

नेटवर्कच्या तक्रारींपैकी अनेक मुळात प्रोसेसरच्याच असतात. अतिथीचा आभासी प्रोसेसर थांबलेला असताना येणारी पाकिटे एका लहान साठ्यात जमतात आणि तो भरला की गळतात. पाकिटे गळू लागली म्हणून केबल व स्विच तपासण्यापूर्वी त्या वेळची प्रोसेसर-प्रतीक्षा पाहावी. अतिथीला जुन्या खऱ्या नेटवर्क कार्डाची नक्कल दिलेली असेल, तर प्रत्येक पाकिटामागे हायपरवायझरला हस्तक्षेप करावा लागतो. त्याऐवजी आभासीकरणासाठीच घडवलेले ड्रायव्हर वापरल्यास हा खर्च घटतो. केव्हीएमवर व्हर्टआयओ आणि व्हीएमवेअरवर व्हीएमएक्सनेट३ ही त्यांची नावे.

निदानाचा क्रम

ब्रेंडन ग्रेग यांनी प्रचलित केलेल्या पद्धतीत प्रत्येक साधनाबाबत तीन प्रश्न विचारले जातात: वापर किती, तुंबलेले काम किती, त्रुटी किती. आभासी व्यवस्थेत हे प्रश्न अतिथीच्या आत एकदा व यजमानावर एकदा, असे दोनदा विचारावे लागतात आणि दोन्ही उत्तरे एकाच घड्याळावर जुळवावी लागतात. घड्याळे जुळलेली नसतील, तर पुढचे सर्व अनुमान लटके पडते. सामान्य दिवसाचे आकडे आधीपासून जपून ठेवलेले असणे ही दुसरी अट. ताप मोजण्यापूर्वी निरोगी माणसाचे तापमान ठाऊक असावे लागते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. मार्चअखेर मालमत्ता कर भरण्याची गर्दी असताना एका नगरपरिषदेची करप्रणाली रोज अकरा ते एक या वेळेत मंदावते. डेटाबेसच्या यंत्राला चार आभासी प्रोसेसर आहेत आणि आतून वापर ५५ टक्के दिसतो. गर्दी हेच कारण समजून प्रोसेसर आठ केले जातात. दुसऱ्या दिवशी विलंब वाढतो, कारण सोळा गाभ्यांच्या त्या यजमानावर आधीच दाटी आहे आणि प्रत्येकी रेडी टाइम ३ वरून ११ टक्क्यांवर गेला आहे. मग प्रोसेसर बारा करण्याचा प्रस्ताव येतो.

येथे क्रम बदलून पाहिले असता असे दिसते की पहिल्या दिवशीही अतिथी प्रोसेसरसाठी नव्हे, डिस्कसाठी थांबली होती. यजमानाच्या आकड्यांत पेटीकडील विलंब १०.५५ पर्यंत ३ मिलिसेकंद आणि ११ वाजता ४० मिलिसेकंद आहे. करप्रणालीच्या विनंत्यांची संख्या मात्र ११ वाजता उडी घेत नाही, ती साडेनऊपासून हळूहळू वाढत आलेली आहे. म्हणजे उडी मारणारा दुसरा कोणी आहे. त्याच पेटीवरील सर्व यंत्रे वाचनसंख्येनुसार लावल्यावर बारा कार्यालयीन यंत्रांवर एकाच वेळी सुरू होणारी व्हायरस-तपासणी सापडते. तपासणी रात्री टप्प्याटप्प्याने लावली जाते, प्रोसेसर पुन्हा चार केले जातात. गर्दी तीच राहते, विलंब जातो. निर्णायक पुरावा येथे आकड्याच्या आकारात नव्हता, वेळेच्या जुळणीत होता. एका वेळी एकच बदल केला असता, तर आठ प्रोसेसरांनी झालेली हानी त्याच दिवशी ओळखू आली असती.

अशा शेजाऱ्याला इंग्रजी परिभाषेत ‘नॉइझी नेबर’, म्हणजे गोंगाट करणारा शेजारी, म्हणतात. त्याच्यावर कायमचा इलाज म्हणजे साधनांची मर्यादा ठरवणे किंवा वाट वेगळी करणे. मध्य रेल्वेवर ठाणे ते दिवा या टप्प्यात लांब पल्ल्याच्या व उपनगरी गाड्या सामाईक रुळांवरून धावत, त्यामुळे एकीचा उशीर दुसरीला लागे. १८ फेब्रुवारी २०२२ रोजी पाचव्या व सहाव्या मार्गिकेचे उद्घाटन झाल्यावर तेथे त्यांची वाट वेगळी झाली. आभासी यंत्राला ठरावीक गाभे राखून देणे हे त्याच जातीचे काम आहे, आणि त्याचा खर्चही तसाच. गाडी नसताना राखीव रूळ रिकामा राहतो, आणि साधने वाटून घेण्याचा मूळ लाभ तेवढ्यापुरता सोडावा लागतो.

सार्वजनिक क्लाउडमधील मर्यादा

सार्वजनिक क्लाउडमध्ये ग्राहकाला यजमानाचे आकडे दिसत नाहीत, त्यामुळे निदानाचा अर्धा भाग त्याच्या हाताबाहेर असतो. ॲमेझॉनने जून २०१६ मध्ये व गूगलने २०१७ मध्ये आपल्या क्लाउडचे मुंबई क्षेत्र सुरू केले. तेव्हापासून येथील अनेक लहान उद्योगांना ही मर्यादा रोजच्या कामात भेटू लागली. स्वस्त यंत्रांबाबत तर मंदगती हा दोष नसून कराराचाच भाग असतो. ॲमेझॉनच्या टी२ मायक्रो या प्रकारात तासाला ६ क्रेडिट जमा होतात, कमाल १४४ साठतात आणि एक क्रेडिट म्हणजे एका आभासी प्रोसेसरची एक मिनिट पूर्ण क्षमता. पूर्ण वेगाने चालवल्यास तासाला ६० खर्च व ६ जमा, म्हणजे भरलेली शिल्लक सुमारे २ तास ४० मिनिटांत संपते आणि यंत्र १० टक्के क्षमतेवर येते. सकाळी चपळ आणि दुपारी सुस्त असे संकेतस्थळ दिसल्यास प्रोग्राम उकरण्याआधी क्रेडिटचा आलेख पाहावा. डिस्कच्या काही प्रकारांनाही असाच साठा लागू असतो.

सुरक्षेमुळेही वेग बदलतो. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन व स्पेक्टर या प्रोसेसरमधील त्रुटी उघड झाल्या. त्यांवरील दुरुस्त्यांनी कार्यप्रणालीत वारंवार ये-जा करणारी कामे मंदावली. स्वतःच्या यंत्रात काहीही न बदललेल्या क्लाउड ग्राहकांनाही त्याचा परिणाम जाणवला.

विद्यार्थ्यांच्या संगणकावर

अभियांत्रिकी व संगणकशास्त्राचे विद्यार्थी या विषयाशी प्रथम ओळख करून घेतात ती बहुधा स्वतःच्या लॅपटॉपवर, व्हर्च्युअलबॉक्ससारख्या मोफत साधनातून. तेथेही वरचेच नियम लागू पडतात. ८ जीबी मेमरीच्या लॅपटॉपवर अतिथीला ६ जीबी दिल्यास विंडोजच गुदमरते आणि तिच्यासोबत अतिथीही. चार गाभ्यांपैकी चारही अतिथीला दिल्यास दोन्ही प्रणाली एकमेकींच्या वाटेत येतात. दोन पुरेसे असतात.

विंडोजवर याशिवाय एक खास प्रकार आढळतो. हायपर-व्ही हा मायक्रोसॉफ्टचा हायपरवायझर आधीच चालू असेल, तर व्हर्च्युअलबॉक्सला प्रोसेसरमधील सोय थेट मिळत नाही आणि त्याच्यावर बसून काम करावे लागते. अशा वेळी अतिथीच्या खिडकीत तळाच्या पट्टीवर हिरव्या कासवाचे चिन्ह दिसते. हायपर-व्ही आपण कधी चालू केलेच नव्हते, असे अनेकांना वाटते. परंतु विंडोजमधील लिनक्स उपप्रणालीची दुसरी आवृत्ती आणि मेमरी-अखंडता ही सुरक्षा-सोय त्याच हायपरवायझरवर आधारलेल्या असल्याने त्यांच्यामुळेही तो चालू राहतो. मेमरी-अखंडता बंद केल्यास वेग मिळतो, पण संगणकाचे एक संरक्षण कमी होते.